चिकटमावशींना सूनबाईंचंच मत हवं

आपल्याला मत आहे हे बऱ्याच माणसांना कुणी विचारेपर्यंत ठाऊक नसतं. चिकटमावशी ते विचारायला जात. साबण, सरकार, टूथपेस्ट, सार्वजनिक संडास, जे काही विचारायचं ठरेल ते खांद्याच्या पिशवीतल्या टॅबवर घेऊन त्या जिने चढायच्या. टॅबला आडवा तडा गेलेला होता आणि मावशींचे गुडघे कुरकुरत होते. पण दोघेही चालू होते.

चिकट हे नाव कचेरीतल्यांनी ठेवलं. एखाद्याने तोंडावर दार लावलं की मतं गोळा करणारे बाकीचे पुढच्या दारी जात. मावशी पायरीवर बसत, पिशवीतून शेंगदाणे काढत आणि खात राहत. अर्ध्या तासाने दार किलकिलं होऊन आतून आवाज येई, "गेल्या नाहीत अजून?" मावशी म्हणत, "नाही हो. तुमचं सावकाश होऊ द्या." या 'सावकाश'पुढे भलेभले गारद झालेले होते.

घरीही त्यांची सवय सुटत नसे. निवृत्त बसड्रायव्हर असलेल्या नवऱ्याला त्या विचारत, "भाजी आवडली, थोडी आवडली, की सांगता येत नाही?" तो बिचारा तिसऱ्या पर्यायावर संसार रेटत आला होता.

तर यंदा प्रश्न आला फरार म्होरक्याचा. काही वर्षांपूर्वी याच शहराच्या बाजारचौकात बॉम्ब फुटला होता. फोडणारी पोरं सापडली, पण त्यांना पाठवणारा म्होरक्या निसटला. मध्येच तो कुठल्याशा डोंगरात दिसल्याची बातमी आली, एका वर्तमानपत्राला लोकांच्या मनाचा ठाव घ्यावासा वाटला आणि मावशी जिने चढू लागल्या. तो सापडेल का? शोध चालू ठेवावा का? आणि सापडलाच तर काय करावं: दिसेल तिथे ठार मारावं, की जिवंत पकडून खटला चालवावा?

मतांना काय तोटा! औषधांच्या दुकानदाराच्या मते तो केव्हाच मेला होता आणि सरकार निवडणुकीसाठी त्याला जिवंत ठेवत होतं. शिंपी म्हणाला, "मेलाबिला काही नाही. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो. जिना झाडायचे पैसे देत नाही म्हणजे तोच." एका पेन्शनर गृहस्थांनी तर नकाशाच काढला. "मला आठ दिवस द्या. दाढीवरून हुडकून काढतो."

"आणि त्याने दाढी काढली असली तर?" आतून त्यांच्या बायकोने विचारलं. "तुम्ही मिशा काढून आलात तेव्हा आपल्या कुत्र्याने तुम्हाला घरात घेतलं नव्हतं."

मावशी हसल्या नाहीत. हसणं म्हणजे बाजू घेणं, असं त्यांच्या धंद्यात मानतात. जिन्यावर येऊन मात्र पोट धरून हसल्या.

या धंद्यात आणखी एक नियम आहे आणि पुढचं सगळं त्याच्यामुळेच घडलं. घर चिठ्ठीने निघतं, आणि घरातल्या मोठ्या माणसांपैकी ज्याचा वाढदिवस सगळ्यात आधी येणार असेल त्यालाच विचारायचं. दुसऱ्या कुणाचं उत्तर चालत नाही. नाहीतर देशभर दार उघडणाऱ्यांचीच मतं जमा झाली असती, आणि दार नेहमी घरातलं बोलकं माणूसच उघडतं.

चिठ्ठीत खिळे-बिजागऱ्यांच्या दुकानावरचं घर निघालं तेव्हा मावशींनी चिठ्ठी दोनदा वाचली. ते घर साऱ्या शहराला माहीत होतं. बाजारचौकात त्या घरातला मुलगा गेला होता. दर वर्षी त्या दिवशी टीव्हीवाले वर येत, म्हातारे दुकानदार मुलाच्या फोटोशेजारी ताठ बसत आणि म्हणत, "त्याला कुत्र्यासारखं मारा. त्याशिवाय आमच्या घराला शांती नाही." मागे पाण्याचा तांब्या घेऊन एक बाई जाताना दिसे. ती त्यांची सून.

"या, या," मावशींनी दारात विषय सांगताच म्हातारे म्हणाले. "लिहा. ठार मारावं."

"काका, आधी वाढदिवस सांगा."

"कुणाचा?"

"घरातल्या सगळ्यांचा."

"सगळे म्हणजे आम्ही दोघंच. माझा थंडीत असतो. हिचा..." म्हातारे अडखळले. "तुझा कधी असतो गं?"

"पुढच्या आठवड्यात," सूनबाई ओट्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या. मुलगा गेल्यापासून त्या घरात वाढदिवसाचा विषय कुणी काढला नव्हता.

"मग मला सूनबाईंना विचारावं लागेल, काका."

"तिला कशाला? तिचं आणि माझं मत वेगळं आहे का? लिहा तुम्ही."

"वेगळं नसेलही. पण त्यांच्या तोंडून हवं."

"अहो बाई, त्या विषयावर ती बोलत नाही! पोलीस आले होते जबाबाला, तेव्हाही मी सांगितलं, तिला त्रास देऊ नका. तुम्ही कोण मोठ्या लागून गेलात?" माणूस दुष्ट नव्हता. पोटचा पोरगा गेल्यावर जे उरलं होतं त्याच्यावर पंख पसरून बसला होता, एवढंच. मावशी उठल्या. पायरीवर बसण्याचं हे घर नव्हे, एवढं त्यांना कळत होतं.

कचेरीत साहेबांनी कपाळाला हात लावला. साहेब वयाने मावशींच्या भाच्याएवढे. स्वभावाने गरीब, पण वर्तमानपत्राचे फोन त्यांनाच येत. "मावशी, म्हाताऱ्यांचं लिहून टाका ना. सगळं शहर जाणतं त्या घराचं मत."

"शहर म्हाताऱ्यांचं मत जाणतं. साहेब, जिचा नवरा गेला तिला सोडून आपण जिन्याचे पैसे न देणाऱ्याची चौकशी करत फिरायचं का?"

"एका घराने आकडा हलत नाही हो."

"आकडा नसेल हलत. मी पण नाही हलणार."

साहेबांनी उद्या संध्याकाळपर्यंतची मुदत दिली. चिकटमावशींशी वाद घालण्यापेक्षा वर्तमानपत्राशी घालावा, हे ते नोकरीच्या पहिल्याच महिन्यात शिकले होते.

दुसऱ्या दिवशी मावशींनी आपल्या मते मोठी हुशारी केली. उत्तर देणाऱ्याला एकांतात विचारावं, असं त्यांना शिकवलेलं. म्हणून म्हातारे दुकानात गिऱ्हाइकाला कड्या दाखवत असताना त्या मागच्या जिन्याने, मांजराच्या पावलांनी वर गेल्या.

"आता काका नाहीत," मावशी कुजबुजल्या. "मोकळेपणी सांगा. कुणाला कळणार नाही."

सूनबाई कणीक मळत होत्या. हात थांबले.

"म्हणजे चोरून सांगू?"

"चोरून नव्हे हो, एकांतात."

"एकांत कमी आहे का मला?" त्यांनी कणकेचा गोळा परातीत आपटला. "इतकी वर्षं एकांतातच आहे माझं उत्तर. तुम्ही ते घेऊन त्या डब्यात घालणार, मग हजार जणांबरोबर त्याचा एक आकडा होणार. आणि खाली बाबा पुढच्या वर्षी टीव्हीवर तेच बोलणार, माझ्या वतीने."

उभ्या जन्मात हजारो दारं ठोठावलेली बाई, आणि एकांत कुणाला नकोसाही असतो हे तिला त्या दिवशी एका परातीपाशी कळलं.

"मग काय करू?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न टॅबवर नव्हता.

"बाबांसमोर विचारा. मी आपणहून तोंड उघडलं तर तो वाद होतो. त्यांना वाटेल, सून उलटली. कुणी विचारलं आणि मी सांगितलं, तर ते नुसतं उत्तर असेल. मला आजवर कुणी विचारलंच नाही, मावशी."

मावशींनी पदर खोचला, मागचा जिना उतरल्या, वळसा घालून दुकानाच्या दर्शनी दाराने आल्या आणि गिऱ्हाइकांदेखत म्हणाल्या, "काका, वर चला. सूनबाईंना विचारायचंय, आणि तुम्ही समोर हवे आहात."

"मी नाही म्हणून सांगितलं ना!"

"मला नाही म्हणालात. त्या हो म्हणाल्यात."

म्हातारे वर आले ते रागाने. खुर्चीत बसले, फोटोशेजारच्याच. सूनबाई हात धुऊन, पुसून, समोरच्या स्टुलावर बसल्या. मावशी उभ्याच राहिल्या आणि अक्षरही न बदलता प्रश्न वाचू लागल्या. आवाज कापू नये म्हणून त्यांनी पायाचा अंगठा फरशीवर गच्च दाबला होता.

"तो सापडेल असं तुम्हाला वाटतं का?"

"हो."

"त्याचा शोध चालू ठेवावा का?"

"हो. कितीही वर्षं लागली तरी."

म्हाताऱ्यांनी मान हलवली. बघा, मी म्हणत नव्हतो?

"तो सापडला तर काय करावं? दिसेल तिथे ठार मारावं, जिवंत पकडून खटला चालवावा, की सांगता येत नाही?"

"जिवंत पकडावं."

खुर्ची करकरली. "काय बोलतेस? अगं, त्याला जिवंत ठेवायचं? ज्याने आपल्या..."

"बाबा, विचारलंय मला."

"दया येते तुला त्याची?"

"दया कुठली!" सूनबाईंचा आवाज चढला नाही, पण ढळलाही नाही. "डोंगरात कुणीतरी गोळी घातली की संपला तो, एका क्षणात. मला तो कोर्टात समोर बसलेला हवाय. हात बांधलेला, पण कान उघडे. आणि मी साक्ष देणार. त्या दिवशी काय झालं ते एकेक सांगणार, आणि ते त्याला ऐकावं लागेल. उठून जाता येणार नाही. मग द्या त्याला न्यायाधीश देतील ती शिक्षा."

"तुला त्रास होईल गं. म्हणून तर मी पोलिसांनाही..."

"माहितेय मला. तुम्ही मायेनेच केलंत. पण बाबा, त्या दिवशी तिथे मी होते. तुम्ही नव्हता."

म्हातारे मावशींकडे वळून घोगऱ्या आवाजात म्हणाले, "माझं पण लिहा. ठार मारावं."

एरवी मावशी विरघळल्या असत्या. म्हातारा माणूस, शेजारी मुलाचा फोटो. पण त्यांनी मान हलवली. "नाही काका. या घराचं उत्तर सूनबाईंचं." आणि पुढचा प्रश्न वाचला, "या मतावर तुम्ही किती ठाम आहात? खूप, थोड्या, की नाही?"

"खूप."

मावशींनी बोट टेकवलं. उत्तर नोंदलं गेलं.

मग मान वर न करता म्हाताऱ्यांनी विचारलं, "काय सांगणार आहेस तू कोर्टात? त्या दिवशीचं."

सूनबाईंनी स्टूल पुढे ओढलं, पार खुर्चीला भिडवलं. "आम्ही छत्री घ्यायला थांबलो होतो," त्या म्हणाल्या. "तो म्हणत होता काळी घे, मी म्हणत होते निळी..."

मावशींनी टॅब पिशवीत टाकला. उभा जन्म लोकांच्या मनात डोकावण्यात गेलेली बाई. पुढचं ऐकायला तिचे कान किती आसुसले होते ते तिचं तिलाच ठाऊक. पण ते सांगणं तिच्यासाठी नव्हतं. त्यांनी चपला हातात घेतल्या, आवाज होऊ नये म्हणून, आणि दार हलकेच ओढून घेतलं.

खाली दुकानात एक गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं. "शेठ येतायत का? मला दोन कड्या हव्यात."

मावशींनी गल्ल्यामागचं मालकाचं स्टूल ओढलं आणि त्याच्यावर ऐसपैस बसल्या.

"ते कामात आहेत," त्या म्हणाल्या. "वर कुणी जायचं नाही. थांबायचं असेल तर थांबा."