घोडेगावची हेल्वेशिया

सुप्याच्या एमआयडीसीत मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे, म्हणजे पगार घेऊन खोट काढते. मशीनवरून उतरलेला पार्ट दिव्याखाली धरायचा, फिरवायचा आणि केसाएवढा ओरखडा दिसला की लाल फुली मारून बाजूला टाकायचा. ही सवय कंपनीच्या गेटवर ठेवून येता येत नाही. शेजारणी मला नवी साडी दाखवत नाहीत, आणि दाखवलीच तर संध्याकाळी, उजेड गेल्यावर दाखवतात.

अशा बाईला नाण्यांचं वेड लागणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. ते लागलं एका फिटरमुळे. कंपनीत स्वित्झर्लंडहून एक मशीन आलं आणि ते बसवायला तिकडचाच एक वयस्कर फिटर आला. त्याला आम्ही कौतुकानं हायवेवरची मिसळ खायला घातली. बिचारा डोळे पुसत पुसत सगळा रस्सा प्यायला आणि वर अजून मागितला. जाताना त्यानं खिशातून एक जुनं चांदीचं नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं. त्यावर भाला आणि ढाल घेतलेली एक बाई उभी होती. हेल्वेशिया, त्यांच्या देशाची देवी म्हणा, भारतमाता म्हणा. मी ती भिंगाखाली धरली आणि गेलेच कामातून.

मग पुण्याची नाण्यांची प्रदर्शनं सुरू झाली, मोबाईलवरचे ग्रुप सुरू झाले. बायका दिवाळीला बांगड्या घेतात, मी अर्धा फ्रँक घेतला. रात्री झोपताना मला चांदीवरच्या पदराच्या चुण्या दिसायच्या. सांगायला लाज वाटते, पण एकदा लंच ब्रेकमध्ये फोनवर एका नाण्याचा फोटो बघून मी इतकी हरखले की मॅनेजरला वाटलं माझं लग्न ठरलं.

लग्न ठरलं नव्हतं. घोडेगावला घरी माझे वडील आबा, दोन बैल आणि सुट्टीला मी, एवढाच आमचा पसारा. आई जाऊन बरीच वर्षं झाली. आबांना आमच्या भागात बैलांची पारख असलेला माणूस म्हणून ओळखतात. घोडेगावच्या बाजारात कुणाला बैल घ्यायचा असला की तो आबांना बरोबर नेतो. आबा जनावराभोवती सावकाश फेरी मारतात, दात बघतात, पाठीवरून हात फिरवतात, चार पावलं चालवून बघतात. तेवढा वेळ कुणी बोलत नाही. शेवटी आबा एखादा शब्द बोलतात आणि सौदा होतो किंवा मोडतो.

माझ्या नाण्यांकडे मात्र त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं. मी डबी उघडली की ते मान हलवत आणि विचारत, "ह्याचं करायचं काय?" दागिना नाही, खर्चायला येत नाही, देव्हाऱ्यात ठेवावं तर देव परका. कुणी घरी आलं की म्हणायचे, पोरीला खेळ सुचलाय. मला त्याचा राग यायचा आणि वाईटही वाटायचं. आख्ख्या तालुक्याचे बैल हा माणूस डोळ्यांत तेल घालून बघतो आणि माझं एक नाणं त्याला नीट बघवत नाही. मला फक्त तेवढंच हवं होतं. आबांनी माझ्या नाण्याभोवती एक फेरी मारावी.

मग मला ती बसलेली हेल्वेशिया मिळाली. पाच फ्रँकचं मोठं, जड नाणं, दीडशे वर्षांहून जुनं. पुण्यातल्या एका म्हाताऱ्या संग्राहकांनी संग्रह आवरायला काढला होता, त्यांच्याकडून घेतलं. त्यावर डोंगरांपुढे ती बाई ढालीवर हात ठेवून बसलेली आहे. कुणाच्या तरी कपाटात पडून पडून चांदीवर निळसर-जांभळी झाक चढली होती, पारव्याच्या मानेवर असते तशी. नाण्यांच्या शौकिनांचा जीव त्या झाकेवरच असतो. येताना एसटीत मी पर्स छातीशी धरून एकटीच हसत होते. शेजारच्या बाईंनी आपली पिशवी उचलून पलीकडच्या बाजूला ठेवली.

हे नाणं ग्रेडिंगला पाठवायचं मी ठरवून टाकलं. मुंबईत एक कंपनी आहे. तिथले जाणकार नाणं तपासतात, सत्तरपैकी गुण देतात आणि प्लॅस्टिकच्या बंद डबीत घालून वर चिठ्ठीसकट परत पाठवतात. मला त्या गुणांची मोठी आशा होती. माझं न ऐकणारे आबा मुंबईच्या जाणकारांचं तरी ऐकतील, असा माझा हिशेब होता.

त्या सुट्टीत मी आबांना हे सगळं त्यांच्याच भाषेत समजावलं. म्हटलं, ही माणसं नाण्याचे दात बघतात. आबा सावरून बसले. भिंग मागून घेतलं. नाणं तळहातावर घेतलं, उन्हाकडे फिरवलं, कडेवरून अंगठा फिरवला, पालथं केलं, पुन्हा उलथं केलं.  

"हिच्या मागं नांगर हाय," ते म्हणाले. "बैल कुठं गेलं?"

नांगर खरंच आहे. इतके दिवस मी त्या बाईच्या नाकाडोळ्यांत इतकी गुंतले होते की तिच्या पाठीमागच्या नांगराचं मला काही वाटलंच नव्हतं. आबांनी मग तिकडची जमीन कशी, पाऊस किती, डोंगरात नांगरट कशी करतात, असं खोदून खोदून विचारलं. मला त्यातलं ओ की ठो येत नव्हतं, तरी मी उत्तरं ठोकून दिली. त्या रात्री मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी गावात एक बारसं होतं. नाणं आबांपाशी ठेवून मी तिकडे गेले. नाण्याला काहीही करायचं नसतं, साधं पुसायचंही नसतं, ही गोष्ट मला इतकी उघड वाटत होती की सांगायचं सुचलंच नाही.

परत आले तर आबा गोठ्यापुढे पाटावर बसलेले. शेजारी रिठ्याच्या फेसाची वाटी, चिंचेचा कोळ, चाळलेली राख, जुना टूथब्रश. पुढे पांढऱ्या धुतल्या रुमालावर माझी हेल्वेशिया. ती अशी चमकत होती की बघवत नव्हतं. पारव्याची मान गेली होती, दीडशे वर्षं गेली होती, सगळं चिंचेच्या कोळात गेलं होतं. वरून त्यांनी खोबरेल तेलाचं बोटही फिरवलं होतं.

माझ्या घशातून कसला तरी आवाज निघाला. बैलानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"बाजारात न्यायचं जनावर असं मळकं नेत्यात व्हय?" आबा म्हणाले. "मुंबईचं लोक काय म्हनलं असतं?"

आता मला सगळं लख्ख कळलं. आमच्याकडे बाजाराला निघालेला बैल कुणी तसाच नेत नाही. त्याला घासून आंघोळ घालतात, शिंगं साळतात, शिंगांना तेल लावतात. आई म्हणायची, बाजाराच्या आदल्या दिवशी बैल जेवढा घासतात तेवढे तुझे आबा लग्नाच्या हळदीलाही घासले गेले नव्हते. आबांनी माझ्या नाण्याची तीच चाकरी केली होती. सकाळपासून बसले होते. भिंग लावून देवीच्या पदराच्या चुण्यांतला मळ त्यांनी काडीनं काढला होता. गुडघे धरलेले, पाठ वाकलेली आणि तोंडावर मात्र पुरेपूर समाधान.

मी गव्हाणीपाशी बसले आणि हसत सुटले. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नाणं गेलं म्हणून आलं की आबांनी ते दिवसभर मांडीवर घेतलं म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. आबांना वाटलं मला फारच आनंद झाला. तेही हसायला लागले.

धुतलेल्या नाण्याला गुण मिळत नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. नाणं पाठवायचं रद्द करावं तर आबांनी गावभर सांगून ठेवलं होतं की पोरीचं नाणं मुंबईला परीक्षेला चाललंय. मी तेल कापसानं टिपून घेतलं आणि नाणं पाठवून दिलं. मग आबांचे फोन सुरू झाले. पूर्वी कामापुरता फोन करणारा माणूस आता रोज निकाल विचारायला लागला. कुणी बारावीच्या पोराची एवढी काळजी केली नसेल.

डबी माझ्या कंपनीच्या पत्त्यावर आली. चिठ्ठीवर देश होता, साल होतं आणि गुणांच्या जागी इंग्रजीत नुसते शब्द होते. नाणं अस्सल आहे आणि साफ केलेलं आहे, असा त्यांचा अर्थ. नाणेवाल्यांच्या जगात तो दुसरा शब्द म्हणजे माझी लाल फुली. त्या दिवशी एसटीत घोडेगावपर्यंत मी खोटं घोकत गेले. आबांना इंग्रजी येत नाही. पासष्ट गुण म्हणावं की सदुसष्ट, एवढाच प्रश्न होता. एकदा तर सत्तरपैकी सत्तर द्यायचं मनात आलं. आपल्याच हातात असताना कंजूषपणा कशाला करायचा?

पण आबांनी डबी दोन्ही हातांत घेतली, चष्मा लावला आणि माझ्याकडे असं पाहिलं की पासष्टही गेले आणि सदुसष्टही गेले.

"काय म्हनत्यात?"

"अस्सल हाय म्हनत्यात, आबा."

"ते मला म्हाईतच हुतं. फुडं?"

"फुडं लिव्हलंय," मी म्हणाले, "साफ केल्यालं हाय."

आबा थबकले. त्यांनी ते अक्षर बोटानं दाखवायला लावलं. मी दाखवलं. त्यावर बोट ठेवून ते पुन्हा पुन्हा बघत राहिले.

"मुंबईत बसून वळखलं त्यांनी?"

"व्हय."

"मानसं जानती हायेत," आबा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की नाणं त्यापुढे फिकं पडावं. हा शेरा आहे, शाबासकी नव्हे, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तोंड मिटून हसू दाबणं किती अवघड असतं ते मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या बाजाराला मी रजा टाकून आबांबरोबर गेले. डबी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती. चहाच्या टपरीपाशी व्यापारी जमले होते, तिथं ती हातोहात फिरली. कुणी ठोकून बघितली, कुणी कानाशी हलवली. डबी बंद का, असं एकानं विचारलं. आबांनी सांगितलं, आता हिला कुणी हात लावू नये म्हणून. मला ठसका लागला आणि अर्धा चहा सांडला.

तेवढ्यात त्यांच्या ओळखीच्या एका जुन्या व्यापाऱ्यानं खांद्यावरचं उपरणं हातावर टाकून हात पुढे केला. आमच्या बाजारात भाव असाच ठरतो. कापडाखाली बोटं दाबायची, म्हणजे तिसऱ्याला कळत नाही. आबा कुणाच्याही उपरण्याखाली हात घालतात, विकायचं नसलं तरी घालतात, ऐकायला काय जातं म्हणतात. त्या दिवशी त्यांनी दोन्ही हात काखेत घातले.

"लेकीचं हाय," ते म्हणाले. "मी धुतलंय. तसं लिव्हलंय त्याच्यावर."

मग डबी खिशात घालून ते माझ्याकडे वळले.

"आता दुसरं कंचं धाडायचं ते आजच सांग. रिठं भिजत घालावं लागत्यात."

मी क्षणभरही विचार केला नाही. माझ्याकडे सगळ्यांत चांगलं नाणं जे होतं, तेच सांगितलं.