आठ कपबश्या आणि हिरामावशी

पहिल्या बाळंतपणाला दवाखान्यात जाताना मी पिशवीत आठ कपबश्या नेल्या होत्या. हसा खुशाल. लग्नात आलेल्या, निळ्या काठाच्या, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळून. सोबत चहाचा डबा, साखर, बिस्किटांचे दोन पुडे, आणि भेटायला येणाऱ्यांसमोर बरी दिसावी म्हणून एक जरीकाठाची साडी. बाळासाठी एक लंगोटसुद्धा नाही! बाळाचं काही आधी विकत घेऊ नये, एवढं मी ऐकून होते. जुन्या सुती साड्या फाडून, धुऊन तयार ठेवायच्या असतात, हे जिने सांगायचं त्या आईशी मी भांडून बसले होते.

परवा आमच्या उलव्याच्या फ्लॅटमध्ये सून तिची पिशवी भरत होती. मोबाइलवर यादी, त्यावर बोटाने खुणा. मी जरा पुढे सरकले तर म्हणाली, "आई, तुम्ही बसा हो. टेन्शन नका घेऊ, सगळं झालंय." मी बसले. घरात तीन माणसं आणि माझ्या हाताला काही काम नाही. अशा वेळी मला त्या दवाखान्यातली हिरामावशी आठवते. तिला कोणी 'बसा' म्हटलं असतं तर ती पिशवीवरच बसली असती.

पस्तीस वर्षांपूर्वी आम्ही नव्या पनवेलला राहायला आलो. आमच्या मजल्यावर चार दारं, त्यातल्या तीन दारांना कुलूप. यजमान न्हावा शेव्याला बंदरात कारकून. जहाज लागलं की दोन-दोन दिवस घरी नाहीत. माहेर साताऱ्याकडे. आई म्हणाली, "सातव्यात ये इकडे, पहिलटकरीण तू." मी म्हटलं, "माझं मी बघेन." कारण काय, तर तिने जावयाच्या नोकरीला 'पेट्या मोजायचं काम' म्हटलं होतं. आता बंदरात पेट्याच मोजतात, पण तेव्हा मला कोण सांगणार? मी तिला पत्र टाकलं, 'येऊ नकोस.' आणि पत्र पेटीत पडल्यापासून ती येणारच म्हणून वाट बघायला लागले. ती येईल, मामा-मामी येतील, दोन्ही काका-काकू येतील, शिवाय यजमान. म्हणून आठ. त्या वेळच्या माझ्या अकलेला मी आजही लांबूनच नमस्कार करते.

हिरामावशी त्या लहानशा प्रसूतिगृहात आया होती. जवळच्या आगरी गावातली. बुटकी, कपाळावर गोंदण, लुगड्यावर दवाखान्याचा पांढरा कोट. बाई दाखल झाली की ही तिच्या तोंडाकडे बघायचीच नाही, आधी तिची पिशवी उघडायची. कोणी विचारलं तर म्हणे, "त्वांड काय, बालंतपनाच्या कलांत समदीच वाकडी करतान. पिशवी खरं बोलते."

माझी पिशवी तिने खाटेवर घेतली. इकडे कळा चालू, तिकडे ती एकेक कपबशी सोडून मांडतेय. आठवी निघाली तेव्हा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय गो, हाटेल काढाला आयलीस?"

"पाहुणे येतील ना," मी म्हटलं.

"येतीन. आनी जो पयला पावना येनार हाय, त्याला गुंडालशील कशात? बशीत?"

शेजारच्या खाटेवरची बाई कळ विसरून हसली. हिरामावशीने तळापर्यंत हात घालून पुन्हा एकदा चाचपलं, आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"आई नाय तुना?"

"आहे."

"मंग ती या पिशवीत कुठं दिसत नाय?"

मी रडले. कळ आली म्हणून रडले, असं मी पुढे कितीतरी वर्षं सांगत असे.

आयांच्या खोलीत तिची एक पत्र्याची पेटी होती. त्यात उकळून, वाळवून घड्या घातलेले जुन्या लुगड्यांचे तुकडे. जिच्या पिशवीत काही नाही तिच्यासाठी. माझा मुलगा सकाळी झाला आणि त्या तुकड्यात गुंडाळला गेला. यजमान आले, लेकाकडे बघून अर्धा तास नुसते हसत राहिले, आणि जहाज लागलंय म्हणून गेले.

भेटायची वेळ चार ते सहा. मी जरीकाठाची साडी नेसले, आठ कपबश्या टेबलावर मांडल्या. बाकीच्या पाचही खाटांभोवती माणसं. कुणाची सासू, कुणाचे दीर, कुणाची बहीण डबा घेऊन. दार उघडलं की मी केस सारखे करायची. सव्वापाच झाले तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं. त्या भिंतीला कुठे पोपडे होते, ते अजून सांगू शकेन.

मग किटलीचा आवाज आला. कोट काढून, स्वच्छ लुगडं नेसून हिरामावशी माझ्या खाटेपाशी स्टुलावर येऊन बसली होती. "पावनी आयलीय. उठ, चा दे."

एवढ्यावर थांबली नाही. चार नंबरच्या सासूला हाक मारली, दोन नंबरच्या दिराला दंडाला धरून आणलं, सिस्टरला बसवलं. "बगा बगा, पोर कसं हाय!" आठही कप भरले. परकी माणसं माझ्या मुलाचं नाक कोणावर गेलंय यावर वाद घालत होती. ते नाक ज्यांच्यावर गेलं असेल, त्यांच्यातलं कोणी तिथे नव्हतं.

सहाला सगळे गेले. ती कप विसळत होती. मी सहज विचारलं, "मावशी, तुमची पिशवी कोणी भरली होती?"

"मना पिशवीच लागली नाय कंदी," ती म्हणाली आणि पुढचा कप घेतला. मी खाटेवरूनच विसळलेले कप पुसायला घेतले.

बारशाला आई आली. आल्या आल्या माझा उद्धार केला, मग तासभर नातवाला मांडीवरून खाली ठेवलं नाही. हिरामावशी आली नाही. पुढे मुलगा शाळेत जायला लागल्यावर मी त्याला दाखवायला घेऊन गेले, तर प्रसूतिगृह बंद झालेलं. तिचं आडनाव मी कधी विचारलंच नव्हतं. नुसती 'आया हिराबाई' म्हणून किती जणांना विचारणार? तिचं गाव आता विमानतळात गेलं. गच्चीवरून विमानं उतरताना दिसतात. सून म्हणते, काय छान दिसतं नाही? मी हो म्हणते.

दवाखान्यातून घरी सोडलं त्या दिवशी मी हिरामावशीचा हात धरून म्हटलं होतं, "मावशी, बारशाला यायचंच हं. बाळाला पाळण्यात तुम्हीच घालायचं." तिने हात सोडवून घेतला, मुलाचं टोपडं सारखं केलं आणि म्हणाली,

"मना नको बोलवू गो. मी येऊन बसले, का आईची जागा भरली असं वाटंल तुना. पयला फोन कर तिला. ती बोलंल, लय बोलंल. तू फोन ठेवू नको."