टाळू काळी व्हायच्या आधी

मी तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, पण साबणाचा बुडबुडा मला खरा दाखवला तो सक्करदऱ्याच्या तलावाशी बुडबुड्यांच्या बाटल्या विकणाऱ्या चंद्रभाननं. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे.

त्याच्या लेखी बुडबुड्याला टाळू असे. "पहा सर, पाणी खाली उतरून राहिलं. वरचे रंग चालले." रंग घसरत जात, माथ्यावरचा पापुद्रा पातळ होऊन काळा दिसू लागे. "टाळू काळी झाली. गेला!" तो म्हणे, आणि बुडबुडा जाईच. कधी चुकला नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी भर्रकन उडतं, म्हणून मिश्रणात ग्लिसरीन लागे. त्याचं प्रमाण मात्र त्याची बायको पंचफुला ठरवायची. "अजून एक टोपण टाका न जी," एवढंच म्हणायची.

मागच्या मे महिन्यात पंचफुलाला श्वास पुरेना. धंतोलीतल्या एका दवाखान्यात आम्ही दोघांनी तिला नेलं. डॉक्टरीणबाईंनी समजेल असं सांगितलं. फुप्फुसात कोट्यवधी बारीक बुडबुडे असतात, त्यांना आतून साबणासारखा थर असतो, तो बिघडला की ते मिटत जातात.

चंद्रभानचा चेहरा उजळला. हे तर त्याच्या धंद्यातलं होतं! पिशवीतून बाटली काढून तो म्हणाला, "मंग ग्लिसरीन टाकता येत नाही का मॅडम? माह्याजवळ चांगलं आहे."

माझा जीव तुटला. बाईंनी बाटली हातात घेतली, जरा पाहिली आणि परत दिली. "तसं नाही होत हो काका."

तिसऱ्या दिवशी दुपारी तो तिचा हात धरून बसला होता. एकाएकी म्हणाला, "सर, नखं पहा. टाळू काळी होऊन राहिली."

"गप बस! अभद्र बोलू नको," मी त्याच्यावर खेकसलो आणि नर्सला हाका मारल्या. सगळे धावले. तो जागचा हलला नाही. संध्याकाळी पंचफुला गेली. त्या वेळी मी त्याच्यावर ओरडलो, हे मला अजून खातं.

आता तो पुन्हा तलावाशी बसतो. मोठा बुडबुडा सोडतो, आणि रंग वरून घसरू लागले की स्वतःच बोट लावून फोडतो. पोरं चिडतात. परवा मीही विचारलं, "काहून फोडतो गा?"

"टाळू पाहवत नाही, सर," तो म्हणाला आणि नळी पुन्हा बाटलीत बुडवली.