आवडाबाईचा अर्ज

रेवसच्या अलीकडे खाडीच्या तोंडाशी जो कोळीवाडा आहे, तिथं आवडाबाईच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. टोपलीतला मासा उचलून हुंगणाऱ्या गिऱ्हाइकाला ती म्हणे, "ठेव खाली. तुज्या नाकाचा वास लागंल त्याला." देवळातला पुजारी, शाळेतला मास्तर, होडीवरचा तांडेल, सगळे तिच्या लेखी सारखेच कुचकामी होते. तिचा नवरा चंदर एके काळी चांगला खलाशी होता. एकदा होडी आणि धक्का यांच्यामध्ये त्याचा उजवा हात चिरडला, तेव्हापासून तो पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून डाव्या हातानं विणत बसे. त्याच्या उपचारात आवडाबाईच्या अंगावरचं सगळं सोनं गेलं. त्याबद्दल ती नवऱ्याला कधी बोलली नाही. बाकी सगळ्याबद्दल बोलली.

दोघं अकरा वर्षं काळूरामच्या पडवीत भाड्यानं राहत होती. हा काळूराम मिठागराचा मक्ता घेई. सत्तावन्न सालच्या शिमग्याला तो दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, पडवी मला मिठाच्या गोण्यांना हवी आहे, मिरगाच्या आत रिकामी करा. अकरा वर्षं बिनतक्रार भाडं देणाऱ्या माणसांपेक्षा त्याला मीठ जवळचं वाटलं. उत्तर द्यायच्या लायकीचाही तो आवडाबाईला वाटला नाही. पण मिरगाला जेमतेम तीन महिने उरले होते आणि वाड्यात दुसरी रिकामी जागा नव्हती.

नेमकं त्याच वर्षी सरकार वाड्याच्या मागच्या माळावर बारा घरं बांधत होतं. विटांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. भाड्यानं राहणाऱ्या गरीब मच्छीमारांसाठी ती होती. राहणाऱ्यानं भाडं नावापुरतं द्यायचं, उरलेलं सरकार भरणार. अर्ज करायचा, मग कचेरीतले साहेब घरी येऊन पाहणार आणि यादी लागणार.

आवडाबाई मास्तरांकडे गेली. मास्तरांनी अर्ज लिहिला आणि वाचून दाखवला. शेवटी 'आपली आज्ञाधारक' असे शब्द आले तशी ती म्हणाली, "ता खोडा."

"अगं, तसं लिहायचीच पद्धत आहे."

"मी नवऱ्याच्या आज्ञेत न्हाय, सरकारच्या कवा गेलू? खोडा."

मास्तरांनी निमूटपणे खोडलं. अर्जावर ती काट तशीच राहिली.

तपासणीचा दिवस ठरला आणि वाड्याला गरिबीची हौस आली. ज्याच्या त्याच्या अंगावर फाटकं दिसू लागलं. काहींनी कोंबड्या सोयऱ्यांकडे धाडल्या. या सगळ्यांत शेजारच्या भिकूनं कमाल केली. भिकूच्या दोन होड्या होत्या, घर स्वतःचं होतं. त्यानं पुढची कौलं उतरवून झावळ्यांचे झाप टाकले, पितळेची भांडी होडीत घालून काशीदला सासुरवाडीला पोचती केली, आणि घर चुलत्याचं असून आपण त्यात भाडोत्री आहोत असं चुलत्याकडून वदवूनही घेतलं. आदल्या दिवसापासून तो खोकतही होता. आवडाबाई येता जाता पाहत होती. धडधाकट माणसं घटकाभर भिकारी व्हायला एवढी धडपडतात, याची तिला शिसारी आली. तिनं आपलं अंगण सारवलं, चुलीला पोतेरं दिलं, ठेवणीतलं एकुलतं एक धड लुगडं काढलं. माणूस दाराशी येणार तर दार नीट असायला हवं, एवढंच तिला कळत होतं.

तपासणीच्या सकाळी भिकूची बायको केसर मागच्या दारानं आली. तिच्या हातात फडक्यात बांधलेली पुतळ्यांची माळ आणि पाटल्या होत्या.

"गो आवडा, येवढा दुपारपातूर तुज्या अंगावर ठेव."

"का? तुला टोचतंय?"

"सायेब घर उलथंपालथं करून बघंल. आमचा अर्ज हाय ना."

केसरनं तिलाच का निवडलं हे उघड होतं. आवडाच्या अंगावर ठेवलेलं सोनं म्हणजे देवळात ठेवलेलं, हे सारा वाडा जाणून होता. एरवी आवडाबाईनं तिला दोन शब्द सुनावून हाकलली असती. दोन होड्यांची मालकीण गरिबाच्या घरावर डोळा ठेवून आलेली, आणि वर चोरी लपवायला गरिबाचाच गळा मागत होती. पण फडकं सुटलं आणि पुतळ्या दिसल्या. सहा वर्षं तिच्या गळ्यात काळ्या मण्यांखेरीज काही नव्हतं. कचेरीतल्या पांढऱ्या टोपीवाल्यांपुढं बोडक्या गळ्यानं उभं राहायचं तिच्या जिवावर आलं होतं. तिनं पाटल्या चढवल्या, माळ घातली. केसरची अडचण भागवायला म्हणून नाही, स्वतःला हवीशी वाटली म्हणून घातली.

साहेब आले. बरोबर वही घेतलेला कारकून होता, त्याच्या नाकाला रुमाल. साहेबांनी पडवी पावलांनी मोजली. चार पावलांत ती संपली. त्यांनी चंदरचा हात पाहिला, काळूरामनं जागा सोडायला सांगितल्याचं विचारून घेतलं आणि मान हलवली. कारकुनाची पेन्सिल भराभर चालत होती. पाहणारा कुणीही सांगू शकला असता की पहिलं घर यांनाच मिळणार.

मग साहेबांची नजर तिच्या गळ्याशी थांबली. "हे दागिने?"

कारकून रुमालाआडून हसला. "पितळ असेल, साहेब. या बायका जत्रेतनं घेतात असलं."

"असेल," साहेब म्हणाले आणि पुढचं सांगू लागले.

तिनं फक्त गप्प राहायचं होतं. कारकुनाच्या तोंडून देवच बोलला होता. पण आवडाबाईच्या टाळक्यात तो हसलेला कारकून गेला. ज्याला मासळीचा वास सोसत नाही अशा दीड दमडीच्या माणसानं तिच्या अंगावरच्या वस्तूला पितळ म्हणावं?

"पितळ तुज्या घरी," ती म्हणाली. "ह्यो सोना हाय. बघ हात लावून."

कारकुनाचं हसू गेलं. साहेबांनी विचारलं, "कुणाचं?"

पलीकडच्या अंगणात भिकू खोकायचा थांबला. केसर आपल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. 'केसरचं' एवढी चार अक्षरं उच्चारली असती तरी भिकूचा अर्ज तिथंच संपला असता आणि हिचा मार्गी लागला असता.

"माजा," आवडाबाई म्हणाली. "आनखी कुनाचा?"

साहेबांनी वही मागून घेतली आणि स्वतः एक ओळ खोडली.

पंधरा दिवसांनी चावडीवर यादी लागली. मास्तरांनी वाचली. चौथं नाव भिकूचं होतं. आवडाबाईचं नाव नव्हतंच.

चंदर सहसा बोलत नसे. त्या दिवशी जाळं बाजूला ठेवून तो म्हणाला, "केसरचा हाय म्हनून सांगायचा व्हतास."

"त्या रुमालवाल्यापुढं? मागून आनल्याला घालून उभी हाय म्हनून सांगू?"

"मग आता कुठं जायाचा?"

तिनं जागेसाठी वाड्यातली घरं पालथी घातली. कुणाच्या घरात सून यायची होती, कुणाला भाडोत्रीच नको होता. ज्यांना ज्यांना तिनं आजवर झोडपलं होतं, त्यांनी आता गोड बोलून नाही म्हटलं, आणि ते गोड बोलणं तिला जास्त झोंबलं. मिरगाला आठवडा राहिला तेव्हा काळूरामच्या गोण्या अंगणात येऊन पडल्या. त्याच दिवशी केसर पुन्हा आली. तिच्या हातात नव्या घराची चावी होती.

"आमाला काय, राहाता घर हाय. ता रिकामा पडंल. तू रहा. काळूरामला भाडा देत व्हतीस तेवढाच आमाला दे."

सरकारला नावापुरतं भाडं भिकू भरणार, उरलेलं सरकार भरणार, आणि आवडाबाई पुरं भाडं भिकूला देणार. केसर हे असं बोलत होती जणू उपकार करत होती. बहुधा तिला तसंच वाटतही होतं. आवडाबाईच्या तोंडात थुंकी जमली होती. तिनं ती गिळली आणि चावी घेतली. जन्मभर तिनं जगाचा तिटकारा केला, पण त्या दिवशी जेवढी तिला स्वतःची घाण वाटली तेवढी कुणाची कधी वाटली नव्हती.

त्या घरात ती चार वर्षं राहिली. जमीन सारवली, परसात अळू लावलं, महिन्याच्या महिन्याला भिकूकडे भाडं पोचवलं. त्याला 'माझं घर' असं ती एकदाही म्हणाली नाही. वाड्याला मात्र तिच्यात फरक दिसला. गिऱ्हाइकानं मासा हुंगला तरी आता ती नुसतं दुसरीकडे बघे.

एकसष्ट साली कचेरीतून निरोप आला. ज्यांना घरं दिली ते स्वतः राहतात की नाही, हे बघायला साहेब येणार होते. आदल्या संध्याकाळी केसर बोचकं घेऊन आली. भिकूनं आपला सदरा चंदरच्या खुंटीवर अडकवला. चंदरला दुसऱ्या दिवशी सकाळीच धक्क्यावर पाठवून दिलं. मग केसर फाटकं लुगडं नेसून आवडाबाईच्या चुलीपुढं बसली आणि तिच्याच तव्यावर भाकरी टाकू लागली. आवडाबाईला तिनं सांगून ठेवलं होतं, "घर गेला तर तुजाबी जाईल."

नवे साहेब तरुण होते, नाकाला रुमाल नव्हता. बायाबापड्यांना ते अहोजाहो करत. त्यांनी खुंटीवरचा सदरा पाहिला, चूल पाहिली, भिकूला दोन प्रश्न विचारले. मग त्यांचं लक्ष कोपऱ्यात गेलं.

"या बाई कोण?"

केसरनं भाकरीवरची नजर काढली नाही.

"शेजारीन," आवडाबाई म्हणाली. "पानी न्याला आलू."

साहेबांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. विरलेलं लुगडं, मिठानं खाल्लेले तळवे, गळ्यात चार काळे मणी. पाहता पाहता त्यांचा चेहरा उतरला. माणूस खरोखर भला असावा.

"तुम्हाला घर मिळालं, चांगलं झालं," ते भिकूला म्हणाले. "पण खरी गरज असते ती अशांना, आणि ती कचेरीपर्यंत पोचतच नाहीत. बाई, तुम्ही का नाही अर्ज केलात?"

घरात फक्त भाकरी करपल्याचा वास येत होता.

"आमाला काय गरज?" आवडाबाई म्हणाली.

मग तिनं आपल्याच घरातली आपलीच कळशी उचलली आणि साहेब निघून जाईपर्यंत विहिरीवर जाऊन उभी राहिली.