कुंदाताईंचा डबा आणि माझं दार

कुंदाताईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या अंकात पहिला लेख माझा असावा, असं संपादक मंडळाने ठरवलं. मंडळातली अर्धी मंडळी अजून शाळेत जाणारी आहेत, तेव्हा हा मान समजावा की खोडी, ते मला कळलेलं नाही. मी या सोसायटीचा सेक्रेटरी. त्याआधी सारी नोकरी शाळेत केली, मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालो. म्हणजे मुलं हा माझा विषय. ताई निवृत्त झाल्या त्या टेलिफोन खात्यातून. तरीही मुलुंडमधल्या आमच्या दोन इमारतींतली झाडून सगळी मुलं संध्याकाळी त्यांच्या दारात असतात आणि माझ्या दारावर कामाशिवाय एकही येत नसे. मला ताईंचा हेवा वाटतो. गौरवलेखात असं लिहिण्याची पद्धत नाही, हे मी जाणतो. पण ताईंना ते ठाऊक आहे, मुलांना तर त्यांच्याही आधी कळलं होतं, मग झाकून ठेवायचं कोणापासून?

आमची पहिली भेटच अशी झाली की पुढचं सगळं ठरून गेलं. जुन्या चाळी पाडून नव्या इमारती उभ्या राहिल्या होत्या. एका इमारतीत आम्ही जुने भाडेकरू, बहुतेक कोकणातले, आणि समोरच्या टॉवरमध्ये फ्लॅट विकत घेऊन आलेली नवी मंडळी. मधल्या कट्ट्यावर ‘येथे खेळू नये’ अशी पाटी मी स्वतः उभं राहून लावून घेतली होती. एके दिवशी पाहतो, तर त्याच पाटीखाली एक बाई पाच-सहा मुलांना घेऊन चिंचा खात बसलेल्या. मी गॅलरीतून आवाज टाकला. शाळेत तो आवाज तीन मजले ऐकू जात असे. मुलं पसार झाली, बाई जागच्या हलल्या नाहीत. वर बघून म्हणाल्या, “खेळत नाही हो सर, नुसते बसलोय. चिंच हवी का?”

त्याच कुंदाताई, पलीकडच्या चाळीतून आमच्या इमारतीत आलेल्या. चिंच मी घेतली नाही. थोड्या वेळाने मुलं परत त्यांच्याभोवती जमलेली दिसली.

दोन्ही इमारतींचं आपसात जमावं ही तळमळ माझीही होती, हे इथे नोंदवलंच पाहिजे. मी परिचय मेळावा भरवला. खुर्च्या मांडल्या, माईक लावला, भाषण तयार ठेवलं. आले ते कमिटीचे सभासद आणि वॉचमन. समोसे वॉचमनने घरी नेले. ताई मागच्या खुर्चीवर बसून माझं भाषण शेवटपर्यंत ऐकत होत्या. निघताना त्या एवढंच म्हणाल्या, “सर, मोठ्या माणसांना बोलावलं की ती आधी आपली कामं आठवतात. मुलांना पाठवून बघू या का?” मला तो सल्ला आगाऊपणाचा वाटला.

मग त्यांनी डबा काढला. आपल्याकडे शेजारणीचा डबा कोणी रिकामा परत करत नाही, काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतो. ताईंनी हीच रीत मुलांच्या हाती दिली. स्टीलचा एक कडीचा डबा, त्यात घरचं काहीतरी. मुलांनी तो जिथे कोणाचं जाणं-येणं नाही अशा घरी न्यायचा, स्वतःची नावं सांगायची, घरच्यांची विचारायची. त्या घराने आपलं काही घालून डबा मुलांकडे द्यायचा, की मुलं निघाली पुढच्या घरी. पुढचं घर कुठलं, हे मुलांनीच ठरवायचं. मोठ्यांनी त्यात तोंड घालायचं नाही, अगदी ताईंनीसुद्धा.

घावन टॉवरमध्ये गेले, तिथून ढोकळा आमच्याकडे आला, आमच्या मजल्यावरचे कुळथाचे लाडू एका तमिळ आजींना इतके आवडले की त्या कृती विचारायला खाली उतरल्या. पुढे लिफ्ट बंद पडली, तेव्हा कोणत्या मजल्यावर कोणाला दूध-औषध पोहोचवावं लागेल, हे मुलांना माझ्याआधी ठाऊक होतं. मुलांनी धावपळ केली आणि कौतुक ताईंचं झालं. वार्षिक सभेत टाळ्या वाजल्या, त्या मी अध्यक्षांच्या शेजारी बसून ऐकल्या. मीही वाजवल्या, पण हात जड झाले होते. इतकी वर्षं वर्गात उभा राहिलो, मी आत आलो की मुलं गप्प होत. ताई आल्या की मुलं बोलायला लागत. हा फरक मला फार लागला.

आणि एका रविवारी माझी बेल वाजली. दारात आमच्या मजल्यावरची आर्या आणि टॉवरमधला केवल, हातात तो डबा.

“सर, डबा,” आर्या म्हणाली.

मला आतून इतका आनंद झाला की मी उगाच चष्मा काढून पुसला. म्हटलं, “ताईंनी पाठवलं का?”

“नाही ना. आम्हीच ठरवलं.”

“असं? आणि माझंच घर का बरं?”

दोघं एकमेकांकडे बघायला लागली. केवल पुटपुटला, “तू सांग ना यार.” आर्याने सांगून टाकलं, “तुमच्याकडे कोणीच येत नाही ना सर, म्हणून.”

“माझ्याकडे? अगं, अख्खी सोसायटी येते माझ्याकडे!”

“ते लिकेजसाठी येतात सर,” केवल म्हणाला.

मी डबा घेतला. आत खांडवी होती, चांगली होती. पत्नी गेल्यापासून माझ्या घरी चहापलीकडे फारसं काही होत नाही. मी कुकरला भुईमुगाच्या शेंगा लावल्या, मीठ घातलं, विसरून पुन्हा घातलं. संध्याकाळी मुलं डबा न्यायला आली, तेव्हा विचारलं, “या खेपेला पुढचं घर मी सुचवू?”

“रूल नाही तसा,” आर्या म्हणाली. मग दोघांनी जरा बाजूला जाऊन खलबत केलं आणि मला परवानगी मिळाली.

“ताईंकडे न्या.”

“सर, त्यांच्याकडे तर आम्ही रोज जातो!”

“जाता. पण डबा नेलाय कधी?”

नव्हता नेला. कोणीच नव्हता नेला. जिथून डबा निघाला त्या घरी तो एकदाही परतला नव्हता. मास्तरच्या ध्यानात आलं आणि ताईंच्या लाडक्यांच्या नाही, याचं मला जे समाधान झालं ते मी शब्दांत सांगत नाही. मी मुलांबरोबर मुद्दाम गेलो, ताईंचा चेहरा बघायला. ताईंनी झाकण काढलं, शेंगा पाहिल्या, एक शेंग सोलून तोंडात टाकली आणि डोळे पुसत म्हणाल्या, “मीठ जरा हात राखून घाला हो, सर.” डोळ्यांत पाणी मिठाने आलं की कशाने, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डब्यात वालाची उसळ भरली आणि स्वतःचाच नियम मोडून मुलांना म्हणाल्या, “सरांकडे न्या रे.” मी जिन्यातच होतो, सगळं ऐकू येत होतं.

“नाही चालणार, ताई,” आर्या म्हणाली. “सरांकडे आता आम्ही जातो ना.”

डबा टॉवरमधल्या नव्या बिऱ्हाडाकडे गेला. मुलं तो देऊन आली आणि माझ्याकडे शेंगा आहेत का विचारायला थांबली. त्या उसळीसाठी मला त्या बिऱ्हाडाचाही हेवा वाटला, ताईंचा तर अजून वाटतोच. माझ्या दाराशी आता मुलांच्या चपला असतात, पण त्यांच्या दाराशी जास्त असतात. ताईंनी निरोगी राहावं, गुडघ्यांनी त्यांना साथ द्यावी आणि त्यांनी शंभरी गाठावी. मी त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान आहे, त्यांची बरोबरी करायला मला तेवढी पंचवीस वर्षं लागतीलच.