बोट उलटली तर काय धरशील?

जमिनीवर एकही नियम न पाळणारा आणि पाण्यावर एकही नियम न मोडणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे तुमच्या आजोबांचे आतेभाऊ, माझे भाऊजी. नागपुरातल्या सक्करदऱ्याहून आमच्याकडे येताना ते स्कूटर बिनदिक्कत उलट्या बाजूने आणत. सिग्नल लाल दिसला तर, "कोणी येऊन तं नाही राहिलं!" म्हणून पुढे जात, आणि हेल्मेटमध्ये माझ्यासाठी संत्री भरून आणत. पण रामटेकजवळ त्यांच्या शेताला लागून एक तलाव आहे. तिथे त्यांची हिरवी, वल्ह्यांची बोट होती, आणि तिच्यात पाय ठेवायचा तर आधी परीक्षा द्यावी लागे. म्हणूनच नचिकेत, तिकडे परदेशात तुमच्याकडे तळ्यावर बोट न्यायला सुरक्षेचा कोर्स करावा लागतो म्हणून तू कुरकुरलास, तेव्हा मला हसू आलं. आपल्या घरात हा कायदा तुझ्या जन्माआधीपासून लागू आहे.

बोट घेतल्यावर भाऊजी तिचं लायसन काढायला निघाले होते. या कचेरीतून त्या कचेरीत हिंडले. शेवटी एका कारकुनाने विचारलं, "काका, एवढ्याशा डोंग्याले कोण लायसन मागते? स्कूटरचं आहे का तुमच्यापाशी?" ते नव्हतंच. भाऊजी घरी आले आणि त्या दिवसापासून स्वतःच लायसन देऊ लागले. बैठकीतला दिवाण म्हणजे बोट आणि खालची सतरंजी म्हणजे पाणी. त्या दिवाणावर आम्ही सगळ्यांनी मधोमध बसायला, न उभं राहता जागा बदलायला आणि शिट्टी फुंकायला शिकलो. लाइफ जॅकेट घातलं की ते खांद्याला धरून वर ओढून बघत. कानापर्यंत आलं की नापास. आमच्या भाचेजावयांच्या पोटावर पट्टाच बसेना, तेव्हा जावई असूनही त्यांना काठावर चपला राखायला बसवलं. या धड्यांची सवय इतकी अंगात मुरली, की एका लग्नात तुमचे आजोबा बाजेवर चढून तोरण बांधायला लागले, तेव्हा मांडवाच्या दुसऱ्या टोकावरून भाऊजी ओरडले, "खाली बसा! उलटते!"

या परीक्षेत वर्षानुवर्षं नापास होणारी एकच व्यक्ती होती, त्यांची बायको, म्हणजे आमच्या जाऊबाई. तलावाच्या मध्यावर गेलं की झाडांच्या वर रामटेकचा गड अख्खा दिसतो असं त्यांनी सगळ्यांकडून ऐकलं होतं, आणि तो बघायची त्यांना फार इच्छा होती. बाकी सगळं त्यांना तोंडपाठ होतं. गाडी अडायची ती शेवटच्या प्रश्नाला.

"बोट उलटली तर काय धरशील?"

"तुम्हाले."

"मले काहून? मी का लाकडाचा आहो? बोट धर म्हटलं ना! एकमेकांले धरलं तं दोघंही खाली जातात वं."

"मंग जाऊ. एवढा संसार करून मी का आता फळी धरू?"

"नापास!"

मग आम्ही तलावावर फिरत असू, आणि परत आल्यावर खुंट्याला बांधलेल्या बोटीत जाऊबाई उकडलेल्या तुरीच्या शेंगा सोलत बसत. तेवढी परवानगी होती. दोर मात्र सुटत नसे.

एका हिवाळ्यात त्यांचे गुडघे फारच दुखायला लागले. मला धरून काठ उतरताना म्हणाल्या, "पुढच्या साली काही येनं होत नाही माह्यानं." भाऊजींनी नेहमीसारखा प्रश्न विचारला. जाऊबाईंनी एकदा पाण्याकडे पाहिलं आणि शहाण्या मुलीसारखं उत्तर दिलं, "बोट धरीन." भाऊजींना इतका आनंद झाला की दोर सोडायच्या आधीच त्यांनी वल्ही हातात घेतली. मी मागच्या फळीवर होते. मध्यावर पोचलो, गड दिसला. जाऊबाईंनी हात जोडले, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "ऐकून राहिले का? मघा मी खोटं बोलली. देवासमोर कशाले लपवू? धरीन तं तुम्हालेच."

वल्ही थांबली. भाऊजींनी बायकोकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "नापास," आणि त्यांनी खरोखरच बोट वळवली. नियम म्हणजे नियम! फक्त ती सरळ न आणता काठाकाठाने, कमळांना वळसा घालून आणली. इतकी हळू, की उतरलो तेव्हा ऊन गडावरूनही गेलं होतं. नापास माणसाला इतकं फिरवताना मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

जाऊबाई त्यानंतर काठ उतरल्या नाहीत. आता त्या नाहीत, आणि बोट शेतात पालथी पडलेली असते. तू पास झाल्याचं कळवलंस तेव्हा भाऊजी माझ्याकडेच बसले होते. माझ्या हातातून फोन घेऊन त्यांनी तुला तोच प्रश्न विचारला, आठवतं ना? तू चटकन म्हणालास, "बोट धरीन, आजोबा." "पास!" म्हणाले आणि फोन मला दिला.

तू फोन ठेवल्यावर मात्र त्यांनी हातातली संत्र्याची फोड तशीच सालीवर ठेवली. मग म्हणाले, "वहिनी, त्याले एक सांगजा. पुढं बायको बसंल त्याच्या बोटीत. जॅकेट नीट घालून दे म्हणा, बाकी समदं शिकव म्हणा. पण हा प्रश्न तेवढा तिले विचारू नको म्हणा."