टाकीच्या गळ्यापर्यंत

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी जे काही लिहिलं गेलं ते रेशनच्या, शाळेच्या नाहीतर दवाखान्याच्या फॉर्मवर, आणि तेही चौकटीबाहेर न जाता. त्यामुळे एखाद्या हयात माणसाबद्दल, त्यातही वडीलधाऱ्या माणसाबद्दल, पानंच्या पानं लिहायची म्हणजे न विचारता कुणाच्या तरी घरात शिरल्यासारखं वाटतं. पण ज्यांच्याबद्दल लिहितोय ते स्वतः आमच्या इमारतीत कुणाच्याही घरात न विचारताच शिरतात. तेव्हा ते समजून घेतील अशी आशा आहे.

आमच्या मुलुंडच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना कळल्याशिवाय कुठलीही वस्तू बिघडू शकत नाही. बऱ्याचदा तर ती बिघडायच्या आधीच त्यांना कळतं. काका मूळचे मालवणकडचे. तरुणपणी गिरणीत बॉयलरवर होते, गिरणी बंद पडल्यावर भांडुपच्या एका कारखान्यात पुन्हा बॉयलरवरच लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. साहजिकच त्यांच्या मते जगातली सगळी यंत्रं म्हणजे लहान-मोठे बॉयलरच. मिक्सर, पंखा, लिफ्ट, माणसाचं पोट, सगळं. "यंत्राला आजार दोनच," ते सांगतात. "एक गळती, आणि दुसरा मालक."

सकाळी सगळ्यांच्या घरी कुकर लागले की काका जिन्यात उभे राहून शिट्ट्या ऐकतात. "तिसरा मजला, डावीकडचे. रबर गेलंय तुमचं. डाळ शिजायची नाही," असं खालून ओरडतात आणि डाळ खरंच शिजत नाही. एकदा मी गणिताच्या पेपरचा अभ्यास करत बसलो होतो आणि मम्मी न्हाणीघरात होती. काका आत आले, ओट्यावरच्या गार कुकरचं झाकण काढलं, खिशातून रबर काढून बसवलं, जुनं खिशात घातलं आणि माझ्याशी एक शब्दही न बोलता निघून गेले. मग मम्मीने डाळ लावली. शिट्टी ऐकून म्हणाली, "काका येऊन गेले वाटतं." काढलेली सगळी रबरं ते एका पत्र्याच्या डब्यात ठेवतात, प्रत्येकाला घराच्या नंबरची चिठ्ठी बांधून. कशाला, ते काकूंनाही माहीत नाही.

त्यांची गाडी हे मात्र वेगळंच प्रकरण. एके काळी पांढरी असलेली, पंधरा वर्षं ओलांडलेली छोटी गाडी. तिने कधी गॅरेजचं तोंड पाहिलं नाही, कारण गॅरेजवाल्याला गळतीतलं काही कळत नाही असं काकांचं मत आहे. तिच्यावरचं आच्छादन त्यांनी काकूंच्या जुन्या साड्या जोडून स्वतः मशिनवर शिवलंय. काकू म्हणतात, "मी नवी साडी नेसून बाहेर आले की हे मापं घेतल्यासारखे बघतात." त्याच गाडीतून आमच्या इमारतीतली तीन बाळं दवाखान्यातून घरी आली. काकूंच्या गुडघ्याचे सगळे डॉक्टर त्याच गाडीतून झाले. आणि माझ्या कॉलेज प्रवेशाच्या दिवशी मला आणि पप्पांना काकाच घेऊन गेले. पप्पा रंगकाम करतात. त्या दिवशी कामाला सुट्टी टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून ते मागच्या सीटवर फाइल मांडीवर धरून बसले होते. आमच्यापैकी कुणीच कॉलेज आतून पाहिलं नव्हतं. परत येताना काका आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "आजपासून तू अर्धा इंजिनिअर. उरलेला अर्धा चार वर्षांनी बघू." तेव्हापासून माझं नाव तेच पडलं. "अर्धा इंजिनिअर आहे का रे घरात?" अशी हाक जिन्यातून वर आली की मी चप्पल घालतो.

गाडीत पेट्रोल भरणं हा काकांचा सोहळा असायचा. पंपावर नळी टाकीत घातली आणि टाकी भरली की ती आपोआप 'टक' वाजून बंद होते, हे सगळ्यांना माहीत आहे. सगळं जग तिथे थांबतं. काकांचं पेट्रोल भरणं तिथे सुरू व्हायचं. ते सगळ्यांना खाली उतरवायचे. काकूंना, पाहुण्यांना, एकदा तर लग्नाला निघालेल्या नवरदेवालासुद्धा. "टाकीच्या पोटात हवा अडकलेली असते. बॉयलर भरताना आधी हवा काढतात," असं पंपवाल्याला समजावत ते छताला हात लावायचे, मी डिकीला लावायचो, आणि आम्ही ती गाडी डावी-उजवीकडे झोक्यात घातलेल्या पोरासारखी हलवायचो. बुडबुडे वर यायचे, मग अजून थोडं पेट्रोल, मग पुन्हा हलवणं. टाकीच्या गळ्यात पेट्रोल चमकताना दिसलं की काका झाकण लावायचे. सातवीपासून ती डिकी माझ्याकडे होती. मागे रांगेत उभे असलेले लोक काय काय बोलायचे ते इथे लिहिता येणार नाही.

गेल्या वर्षी गाडीला पंधरा वर्षं पूर्ण झाली. आता नोंदणी पुन्हा करायची म्हणजे गाडी तपासणीत पास व्हायला हवी. झाली तर आणखी पाच वर्षं. आणि नेमकं तेव्हाच तिने रंग दाखवायला सुरुवात केली. पेट्रोल भरलं की पंपावरच चालू होईना, पाच-दहा मिनिटं नुसती कुरकुरायची. समोर इंजिनाचा पिवळा दिवा पेटला तो विझेना. पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास यायला लागला. पुण्याहून त्यांच्या मुलाचा फोन आला, तो काकांनी स्पीकरवर ठेवला होता, म्हणून सगळ्या मजल्याला ऐकू आला.

"बाबा, बास झालं आता. ह्या तपासणीत पास झाली तर ठेवा. नाहीतर भंगारात द्यायची आणि मोबाइलवरून टॅक्सी मागवायची. कबूल?"

"कबूल," काका म्हणाले. ते इतकं पटकन हरतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. फोन ठेवून ते खाली गेले आणि गाडीवरच्या साड्या नीट करत बराच वेळ उभे राहिले.

तपासणीला दहा दिवस होते. काकांनी आपलं निदान केलं: झाकणाचं रबर. पत्र्याच्या डब्यातलं एक कुकरचं रबर कापून त्यांनी टाकीच्या झाकणाला बसवलं. पेट्रोलने ते रबर दोन दिवसांत असं फुगलं की झाकणच निघेना. शेवटी काकू गुडघा सांभाळत खाली आल्या, लोणच्याच्या बरणीला लावतात तसा झाकणाला ओला पंचा गुंडाळला आणि एका हिसक्यात उघडून दिलं. "आता कुकर पाठवू का खाली?" असं विचारून वर गेल्या.

मला कारण माहीत होतं. म्हणजे, वर्गात शिकलो होतो. पण सांगायला मला तीन दिवस लागले. आमच्या घरात मोठ्यांना 'तुमचं चुकलं' म्हणायची पद्धत नाही, आणि ज्या माणसाने मला कॉलेजच्या दारापर्यंत सोडलं त्यालाच कॉलेजात शिकलेलं ऐकवायचं हे मला बरं वाटत नव्हतं. शेवटी कॉलेजच्या वर्कशॉपमधून परवानगीने गाडीचे दोष वाचणारा एक छोटा स्कॅनर आणला, गाडीला जोडला आणि काकांना दाखवला. दोष टाकीतल्या वाफेच्या व्यवस्थेत होता. मी चाचरत सांगितलं, "काका, पेट्रोलची वाफ हवेत सुटू नये म्हणून गाडीत एक डबा असतो. त्यात कोळशाची पूड असते, ती वाफ धरून ठेवते. इंजिन तापलं की एक छोटा व्हॉल्व्ह उघडतो आणि ती वाफ इंजिनात जाऊन जळते. आपला व्हॉल्व्ह उघडाच राहिलाय बहुतेक."

काकांचा चेहरा असा उजळला की मीच घाबरलो. "वाफ? आणि कोळसा? मेल्या, तीन दिवस माका सांगूक नाय तू?" आनंद झाला की ते मालवणीत जातात. "अरे, हा बॉयलरच!"

रविवारी सकाळी काम काढलं. निम्मी इमारत जिन्यात बसली होती. इंजिन गार होतं, बॅटरीची तार मी काढून ठेवली होती. गिरणीत बारीक गळती धुराने शोधायचे म्हणून काका वरून उदबत्ती पेटवून घेऊन आले.

"काका, नाही."

माझा आवाज इतका मोठा निघाला की जिना गप्प झाला. त्यांना 'नाही' म्हणायची माझी ती पहिलीच वेळ. "पेट्रोलची वाफ आहे. इथे पेटलेलं काही नको. जवळसुद्धा नको."

काका थांबले. पायऱ्यांवरून काकू म्हणाल्या, "द्या इकडे. तिची जागा देवापुढे आहे." त्या उदबत्ती घेऊन वर गेल्या आणि मी पाना हातात घेतला.

व्हॉल्व्ह काढला. अंगठ्याएवढा. वीज नसताना तो बंद असायला हवा, त्यातून हवा जाता कामा नये. काकांनी माझ्या हातातून घेतला, पुसला आणि फुंकर मारली. हवा आरपार गेली, आणि पलीकडून त्यांच्या सदऱ्यावर काळी पूड उडाली. त्यांनी ती बोटावर घेतली, चोळली. आयुष्यभर कोळसा हाताळलेला माणूस.

"कोळसाच. हा इथे कसा आला?"

"डब्यातून. डब्यात पेट्रोल गेलं की पूड सुटते आणि इथे येऊन अडकते."

"आणि डब्यात पेट्रोल कसं गेलं?"

मी डिकीकडे बघितलं. "टाकी गळ्यापर्यंत भरली की वाफेला जागा राहत नाही. मग त्या वाटेने पेट्रोलच जातं. आपण गाडी हलवतो ना, काका."

"आपण नाही," काकू परत येऊन बसल्या होत्या. "हे."

बोटावरची पूड काकांनी सदऱ्याला पुसली. मग म्हणाले, "पंपवाल्याने अडवायला हवं होतं." आणि स्कूटर काढून नवा व्हॉल्व्ह आणि डबा आणायला कुर्ल्याला निघाले, मला मागे बसवून.

दुपारी नवे भाग बसवून झाल्यावर मला वाटलं, संपलं. काका म्हणाले, "थांब. वाफेचं काम असं संपत नाही." त्यांनी दाढीच्या ब्रशाने साबणाचा फेस केला आणि डब्याकडे जाणाऱ्या प्रत्येक नळीच्या सांध्याला लावला. मला एका टोकाने हळू फुंकायला सांगितलं आणि स्वतः डोळे मिटून, कान इंजिनाला लावून उभे राहिले. जिन्यात कुणी खोकलं तर काकू त्याच्याकडे बघायच्या. "इथे," ते डोळे न उघडता म्हणाले. तिथे काहीच नव्हतं. मी पुन्हा फुंकलं. मग एका जुन्या नळीच्या वाकणावर, बाळाच्या ओठांवर यावा तसा, एक बुडबुडा हळूच फुगला. केसाएवढी चीर होती. पुस्तकात ती मला सापडली नसती. स्कॅनरलाही सापडली नव्हती.

ती नळी बदलली. स्कॅनरने दिवा विझवला. आम्ही ठाण्यापर्यंत जाऊन आलो, दिवा विझलेलाच. येताना पंपावर थोडंच पेट्रोल घातलं. काकांनी किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्याला चालू झाली. इमारतीच्या फाटकातून आत येताना त्यांनी हॉर्न असा लांबलचक दाबला की गच्चीवरची कबुतरंसुद्धा उडाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी सगळ्यांना चहा केला. काकांनी त्या दिवशी जिन्यात बसून प्रत्येकाला बुडबुड्याची गोष्ट सांगितली. व्हॉल्व्हची गोष्ट कुणालाच सांगितली नाही.

तपासणी बुधवारी होती आणि मला सोमवारीच चाकणला निघावं लागलं. शेवटच्या सत्रात कारखान्यात काम शिकायचं असतं. निघताना मी विचारलं, "काका, आता टाकी..." ते म्हणाले, "डबा नीट भर. जेवणाचा." बस्स. बुधवार गेला, गुरुवार गेला. फोन फक्त वाईट बातमीसाठी असतो असं काकांचं मत असल्यामुळे ते करणार नव्हते, आणि त्याच कारणाने मलाही करवेना. शिफ्टमध्ये दिवसभर मी नव्या गाड्यांना तसलेच काळे डबे बसवत होतो.

शनिवारी पप्पांचा फोन आला. तपासणीच्या दिवशी काकांनी त्यांनाच सोबत नेलं होतं. "पास झाली रे गाडी. पाच वर्षं," ते म्हणाले. मग काकांनी हॉर्न किती वाजवला, काकूंनी काय केलं, सगळं सांगितलं. फोन ठेवायच्या आधी त्यांना काहीतरी आठवलं.

"येताना पंपावर गेलो होतो. टक वाजलं तसा मी उतरलो, डिकीला हात लावला. तू नाहीस ना, म्हटलं आपणच हलवावी. तर काका आतून म्हणाले, अहो, बसा गाडीत. टक झालं की थांबायचं असतं. आमच्या इंजिनिअरने सांगितलंय."

मी फोन कानाला आणखी घट्ट लावला.

"मी विचारलं, कोण इंजिनिअर?" पप्पा म्हणाले. "तर नुसते माझ्याकडे बघत राहिले."